घडीचा चाकू मला चालणार नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

लेकीला नोकरी लागली. लांबच्या शहरात. अठ्ठावीसला निघणार. जाण्याआधी तिला एक रात्र तलावाकाठी तंबूत काढायची आहे, सगळ्यांनी मिळून, ती सातवीत असताना गेलो होतो तशी.

त्या वेळी मी काडेपेटीशिवाय शेकोटी पेटवून दाखवणार होतो. लाकूड ओलं निघालं. ओलं होतं हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं, तरी बिस्किटांवर रात्र काढल्याची गोष्ट आमची ही अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. आज जेवताना लेक म्हणाली, बाबा, या वेळी पेटवाल ना? मी म्हटलं, बघच तू.

शनिवार तेवीस ठरला. गाडी मेहुण्याची, तंबूही मेहुण्याचा. या बेतात तेवढा एकच डाग आहे.

आता शांतपणे विचार केला तर दोष लाकडाचा नव्हताच. हत्याराचा होता. संकल्प: चाकू घ्यायचा. खरा. अभ्यास करून, एकदाच.

५ नोव्हेंबर

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून व्हिडिओ पाहिले. मोटार रिवाइंडिंग मी कोणाकडे शिकलो नाही. जळक्या मोटारी उघडून, तारेचे वेढे मोजून शिकलो. त्यापुढे चाकू म्हणजे काय.

निष्कर्ष. घडीचा चाकू बाद. घडी म्हणजे सांधा आणि सांधा म्हणजे दगा. सरळ पात्याचाच हवा. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, त्याला फुल टँग म्हणतात. पातं चार इंच. पाठ काटकोनात, म्हणजे फेरो रॉडवर, त्या ठिणग्यांच्या कांडीवर, ओढली की ठिणग्या पडतात. पोलाद हाय कार्बन. बोटं पात्यावर घसरू नयेत म्हणून मुठीपुढे आडवा गार्ड असतो, तो नको. ज्याला हात आहेत त्याला गार्ड कशाला?

६ नोव्हेंबर

खेळाच्या सामानाचं दुकान. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, काका, कापायचं काय आहे? अरे, मी काय कापतो याच्याशी तुला काय करायचंय? मग घडीचा दाखवला. मी न बोलता परत सरकवला. मग एक काढला, त्याच्या पाठीला करवत, मुठीच्या बुडाला होकायंत्र, मुठीच्या पोटात मासे धरायचा गळ आणि सुईदोरा. मी विचारलं, हा चाकू आहे की दप्तर? तो हसला. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. फुल टँग मागितला तर म्हणाला, तो ब्रँड आम्ही ठेवत नाही.

काय लोक दुकानं टाकून बसतात!

८ नोव्हेंबर

टँग म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहावं म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीची मूठ काढली. पोलाद निम्म्यातच संपलेलं. एवढी वर्षं आम्ही या फसवणुकीवर भाज्या चिरल्या! हाताशी होती म्हणून सरावासाठी तिची पाठही कानशीने घासून काटकोनात आणली. काम उत्तम झालं.

ही म्हणाली, आता चिरू कशाने? रागाने? वर म्हणते, ती पाठ आता माझ्या बोटाला टोचते. म्हटलं, दोन दिवसांत मूठ बसवून देतो.

१३ नोव्हेंबर

चाकू मिळाला. मोठ्या बाजारात, तिसऱ्या दुकानात. फुल टँग, हाय कार्बन, गार्ड नाही, पाठ काटकोन. मी गुण्या लावून तपासला. दुकानदार म्हणाला, साहेब, अशी तपासणी आजवर कोणी केली नव्हती. जाणकाराला जाणकार ओळखतो.

घरी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला. सगळ्यांना सांगितलं, हा कॅम्पचा आहे, हात लावायचा नाही.

सुरीची मूठ उद्या.

१५ नोव्हेंबर

लिंबू!

हिने माझ्या चाकूने लिंबू चिरलं! एक नाही, चार, सरबतासाठी. आणि तसाच सिंकमध्ये टाकून फोनवर बोलत बसली. पात्यावर काळे-निळे डाग. हाय कार्बनला आंबट चालत नाही, हे मी या घरात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. म्हणते, तुम्हीच म्हणाला होतात ना, हा काहीही कापतो? आणि माझी सुरी कुठाय?

विषय कुठला, बोलणं कुठलं. लेक खाली मान घालून हसत होती. मी सरबत प्यायलो नाही.

१६ नोव्हेंबर

पातं दुकानात नेऊन ग्राइंडरवर धरलं. डाग साफ. पात्याला कडेने निळसर झाक आली आहे, मोरपिसासारखी. छान दिसते. मुळापेक्षा बरी. अशी झाक मुद्दाम पैसे देऊन आणतात म्हणे.

१७ नोव्हेंबर

वाळकी काडी तासायला घेतली. धार दुमडली. पोलाद नव्हे, पत्रा! चौकशी करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही. मग तो निळा रंग बघत बसला आणि म्हणाला, साहेब, हा आमच्याकडून गेला तेव्हा पांढरा होता. म्हणजे विकेपर्यंत जाणकार आणि विकल्यावर काखा वर. भांडलो. चार माणसं जमली. त्यातलं एकही माझ्या बाजूने बोललं नाही.

रात्री जेवायला मेहुणा. पातं हातात घेऊन उजेडात फिरवलं आणि म्हणाला, दाजी, तापवून पाणी उतरवलंत वाटतं पोलादाचं. या माणसाने आयुष्यात स्क्रू फिरवलेला नाही. म्हटलं, तू तंबूच्या खुंट्या मोज. तर म्हणतो, मोजल्या, आणि लायटरही घेतलाय. लायटर! मी म्हटलं, तो लायटर बाहेर निघाला तर मी येणार नाही. लेक म्हणाली, मामा, नाही काढायचा हं. पोरीला कळतं.

१८ नोव्हेंबर

दुसरा मागवला. ऑनलाइन. या वेळी स्टेनलेस. कार्बन कार्बन करणारे लोक भावनेच्या आहारी जातात हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे. बावीसपर्यंत पोहोचेल. तोवर निळ्यावर सराव.

२० नोव्हेंबर

फेदर स्टिक: वाळक्या काडीला तासत तासत कुरळे पापुद्रे सोडायचे, पण तुटू द्यायचे नाहीत. त्यावर ठिणगी पाडायची. गॅलरीत बसून तीस-चाळीस काड्या केल्या. पापुद्रे तुटतात. काडी निकृष्ट. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन हिला सांगून गेल्या, तुमच्याकडे सुतार आलाय का, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा पडतोय. ही म्हणाली, सुतार असता तर बरं झालं असतं. मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

२१ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय.

मोडक्या स्टुलाच्या पायावर चाकू उभा धरायचा आणि पाठीवर दांडक्याने ठोके घालून लाकूड फाडायचं. याला बॅटनिंग म्हणतात. दांडकं नव्हतं म्हणून लाटणं घेतलं. पातं अडकलं, ओढायला गेलो, हात मुठीवरून पुढे घसरला. दोष लाटण्याचा. ते गोल असतं.

टाके पडले. डॉक्टर म्हणाले, भाजी चिरताना का? मी म्हटलं, बॅटनिंग करताना. ते म्हणाले, हो का, आणि कागदावर स्वयंपाकघरातील इजा असं लिहिलं. दुरुस्त करायला सांगितलं तर म्हणाले, काका, हात हलवू नका. मुठीपुढे गार्ड असता तर, असं मेहुणा फोनवर म्हणाला. हिने मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ

पार्सल आलं नाही. कुरिअरवाल्याचा मेसेज: घरी कोणी नव्हते. मी पट्टी बदलायला गेलो होतो! घरी ही होती, लेक होती. तो खालूनच परतला असणार. तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाला, सर, चाकूच आहे ना, उद्या घ्या.

मी जाहीर केलं: बेत एक आठवडा पुढे. लेक म्हणाली, बाबा, पुढच्या आठवड्यात मी नसेन. मी म्हटलं, मग साधन नाही, हात बांधलेला, मी येऊन करू काय? ती म्हणाली, काही करू नका, नुसते या. नुसता! मी काय गाडीतली वळकटी आहे? मेहुणा म्हणाला, दाजी, चला हो, शेकोटीचं मी बघतो.

तेच. तेच ऐकायचं राहिलं होतं. सांगून टाकलं, मी येणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

कोणी फारसा आग्रह केला नाही. लेकीने एकदा केला. मग ती आत गेली.

२३ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

गेले. हिने जाताना ती बिनमुठीची सुरी पिशवीत घातली. टँगवर चिंध्या गुंडाळून वरून माझ्याच दुकानातली काळी चिकटपट्टी मारली आहे. वेडीवाकडी. बघवत नाही.

लेक गाडीपर्यंत जाऊन पुन्हा वर आली. फेरो रॉड मागितला. मी विचारलं, घासणार कशावर?  रॉड घेऊनही दारात उभी होती. काहीतरी विसरली असावी. मी म्हटलं, दार लावून घे.

संध्याकाळ

पार्सल आलं. खोक्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या. घरात सुरी नाही. कात्री हिच्या पिशवीत. निळा चाकू पट्टीवरून नुसता सरकतो. डाव्या हाताने किल्ली घालून पाहिली, दातांनी पाहिलं. सरळ पात्याचा उत्तम चाकू हातात आणि तो काढायला चाकू नाही. पॅकिंग करणाऱ्यांना अक्कल म्हणून नसते.

एवढ्यात लेकीचा फोन. बाबा, पेटत नाहीये, सांगा ना कसं करायचं. मी म्हटलं, मामाचा लायटर काय झाला? म्हणाली, नाही चालणार तो. मला आधीच माहीत होतं!

मग मी सांगितलं. वरची साल काढ, आतलं कोरडं लाकूड घे. सुरी हलवू नकोस, काडी मागे ओढ. पापुद्रे जाड नकोत. ती म्हणाली, तुटतायत. मी म्हटलं, घाई करतेस, कोन कमी कर. मध्येच हिचा आवाज आला, तुझ्या बापाची शाळा सुरू झाली. मी पुढे सांगितलं, आता रॉड पापुद्र्यांवर टेकव आणि सुरीची पाठ ओढ, धार नव्हे, पाठ. काटकोन आहे तिला, मी घासलीय.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. फोनमधून खरडल्याचे आवाज. मग ती इतक्या जोरात ओरडली की मला वाटलं, कापलं. पेटली होती.

मी म्हटलं, आता लगेच मोठं लाकूड घालू नकोस. ती म्हणाली, बाबा, नाही घालत. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. नेटवर्क गेलं असावं. तडतड ऐकू येत होती.

खोकं तसंच आहे. उद्या बघू.

२४ नोव्हेंबर

परत आले. मेहुण्याने जिन्यातच सांगायला सुरुवात केली. म्हणे, दाजी, लायटर चांगला होता हो, खिशातच होता माझ्या. मी काढला तर पोरगी म्हणाली, आत ठेव मामा, बाबांना फोन लावू दे.

म्हणजे बघा. चालता लायटर समोर असताना शेवटी पद्धत माझीच निवडावी लागली. मेहुण्याला हे पटवून दिलं. तो म्हणाला, बरोबर आहे दाजी. पहिल्यांदाच वाद घातला नाही. ही माझ्याकडे बघत होती. तिलाही पटलेलं दिसलं.

खोकं लेकीने उघडलं. चाकू उत्कृष्ट. गार्ड आहे. गार्ड हवाच.

२८ नोव्हेंबर

लेक गेली. नवा चाकू काल तिच्या मोठ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवला होता, सांगून. परक्या शहरात सरळ पात्याचं हत्यार घरात असावं. स्टेशनवरून आल्यावर बघतो तर ओट्यावर. आणि ती चिकटपट्टीवाली सुरी कुठेच नाही. हिला विचारलं. म्हणाली, ती घेऊन गेली. म्हणे, मला बाबांनी घासलेली हवी.

अर्ध्या टँगची! हिने बांधलेल्या मुठीची! तिकडे चार लोक बघतील तर काय म्हणतील. फोन करून चांगलं सुनावणार होतो. लागला नाही. मग लावला नाही.

३० नोव्हेंबर

टाके काढले.

संध्याकाळी ही नव्या चाकूने लिंबू चिरत होती. मी दारात उभा राहून पाहिलं. तीन पेले काढले होते. मग तिने एक परत आत ठेवला.

 चाकू स्टेनलेस आहे. चालतं.