ट्यूनासाठीचा रॉड

क्रॉयडन, रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९७१

तरुण डॉक्टर लेले जेवायला आले होते. हे त्यांना मोंबासाच्या समुद्रातल्या डॉगटूथ ट्यूना माशाबद्दल सांगत होते. कुत्र्यासारखे सुळे, आणि गळ लागला की थेट खाली प्रवाळाकडे धाव. तिथल्या धारदार खडकावर दोरी तुटते.

"पहिल्याच झटक्याला रोखायचा, लेले!"

लेल्यांनी कोपऱ्यातल्या ह्यांच्या मासेमारीच्या रॉडचं कौतुक केलं आणि मी, पाहुण्यांना म्हणतो तसं, म्हणून गेले, "न्या की, इथे पडूनच असतो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्या हो."

का बोलले मी? पक्षाघातानंतर हे रोज संध्याकाळी उजव्या हाताने चेंडू दाबत बसतात. कशासाठी, ते मला कळायला हवं होतं. पडून असतो म्हणे रॉड!

आज चेंडू टेबलावरच राहिला. आठवण करून द्यायचं मला धाडस झालं नाही.