नावाची पट्टी

१३ मार्च १९४४, सोमवार

आबा पडले. परांचीवरून, थेट हौदात! उजवं मनगट मोडलं. डोकं शाबूत आहे, जीभ त्याहून शाबूत. पडल्या पडल्या विचारलं, परांची कुणी बांधली? त्यांनीच बांधली होती.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. दोन महिने थापी धरायची नाही म्हणाला. सासरे माझे, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, नवरा लष्करात; आबा दोन महिने रिकामे बसले तर घरात आम्हां दोघांपैकी एकच कुणीतरी उरेल.

१४ मार्च

हौद मुलींच्या बोर्डिंगचा. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत व्हायला हवा. पोरी मैलभरावरून डोक्यावर पाणी आणतात. मी पण याच बोर्डिंगात होते, सातवी होईपर्यंत हेच केलं. शिकले कमी, पाणी वाहिलं जास्त.

दगडी बांधकाम झालंय, आतला गिलावा राहिलाय. दुसरा गवंडी मिळत नाही — झाडून सगळे नगरला लष्कराच्या कामावर. सिमेंटला परमिट, आणि परमिट कुणाला मिळतं देव जाणे. म्हणजे चुनाच.

कमिटीचे सेक्रेटरी काकासाहेब कपाळाला हात लावून बसले होते. मी म्हटलं, मी करते. सात वर्षं आबांच्या हाताखाली चुना कालवतेय, डोळे बांधून नाही कालवला. काकासाहेब हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "बाईच्या हातात थापी दिली तर लोक काय म्हनतील?"

हौद कोरडा राहिला तर काय म्हणतील, असं मी विचारलं.

१५ मार्च

आबांनी दिवसभर थापीचा विषय टाळला. जेवले मात्र व्यवस्थित.

१८ मार्च, शनिवार

हो म्हणाले! तोंडानं नाही. ट्रंक उघडली, तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक लहान थापी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "ही घे. माझी तुला झेपायची न्हाई."

मूठ झिजून झिजून बारीक झालीय. माझ्या हातात अशी बसली की सोडवेना. आबा पोरवयात काम शिकले तेव्हाची असणार. आबांनाही पोरवय होतं हे पटायला जरा जड जातं.

२१ मार्च

चुना मळायच्या घाणीवर छबूबाई. बैल फिरतो, दगडी चाक फिरतं, खाली चुना आणि वाळू लोण्यासारखी मऊ होते. वरून हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी. "चुन्याला गूळ हाय अन् आपल्या च्याला न्हाई," छबूबाई म्हणते. रेशनच्या दिवसांत हे रोज एकदा म्हणायचंच असतं.

माझा चुन्याचा पहिला हात भिंतीवर बसला आणि सगळा पायावर आला. आबा काठावर उपड्या घमेल्यावर बसलेले. "भाकरी थापू नगं. फेक." फेकला. तोही पायावर.

२४ मार्च

आज पायावर काही नाही. सगळं भिंतीवर!

२ एप्रिल

प्रभुदासचं पत्र. (नवऱ्याचं नाव लिहिलं. लिहिलं तर लिहिलं.) पूर्वेच्या आघाडीवर रस्ते बांधतोय एवढंच कळतं, बाकीच्या ओळींवर लष्करानं काळं फासलंय. म्हणून तर मी मनातलं पत्रात घालत नाही, या वहीत घालते. इथं काळं फासायला कुणी येत नाही. त्याला एवढंच कळवलं — भिंत करतेय, तुझ्यापेक्षा बरी करतेय.

९ एप्रिल, ईस्टर

चर्चमध्ये गर्दी. वेदीमागची भिंत आज पुन्हा नीट पाहिली. पंचवीस वर्षांचा चुन्याचा गिलावा, पण असा घोटलाय की मेणबत्ती भिंतीतही जळते. बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात. खाली कोपऱ्यात नावाची पट्टी — शांतवन मिस्त्री, १९१९. म्हणजे आमचे आबा.

आबा एरवी स्वतः बांधलेल्या गोठ्याचीसुद्धा फुशारकी मारतात. या भिंतीबद्दल चकार शब्द नाही. कुणी विचारलं तर, "झाली खरी." एवढंच. बसतातही मागे, खांबाच्या आड. माणूस खरा मोठा असला की असंच असावं. मी मोठी झाले तर असं करणार नाही. मी सांगत सुटेन.

१४ एप्रिल

भांडण! भिंत आणि तळ जिथं मिळतात तिथला कोपरा मी गोल केला. आबांना तो काटकोनात हवा. मी म्हटलं, पाणी आधी कोपऱ्यातच फट शोधतं. चूल लिंपताना आम्ही कोपरा ठेवतो का? गोल फिरवलेली चूल तडकत नाही. आबा म्हणाले, हौद म्हणजे चूल नव्हे.

जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर खाली उतरून डाव्या हाताचा अंगठा त्या गोलाव्यावरून फिरवत होते. मला बघून खोकले. मोडायला सांगितलं नाही.

२२ एप्रिल

संपलं. आठ दिवस नदीतल्या गोट्यानं भिंत घोटत होते. खांदे माझे राहिले नाहीत. पण आत वाकून पाहिलं तर तोंड दिसतं! छबूबाईनं स्वतःचं पाहिलं आणि पदर नीट केला.

आता ओली गोणपाटं टाकून तीन आठवडे थांबायचं. काठावर वीतभर जागा कोरी ठेवलीय. पाणी टिकलं की तिथं ओला चुना लावायचा आणि मिस्त्रीनं खिळ्यानं नाव कोरायचं — आमच्यात तशी रीत आहे. पाणी टिकलं नाही तर नाव नाही.

मला तिथं माझं नाव हवंय. लिहूनच टाकते, मनात ठेवून काय मिळणार?

१५ मे, सोमवार

बैलगाडीनं पाण्याची पिंपं आणून हौद भरला. काठोकाठ नाही, वीतभर खाली. कोळशानं रेघ मारली.

१७ मे

पाणी रेघेच्या आडवं बोटभर खाली.

काकासाहेब आले, पाहिलं, सुस्कारा सोडला. "बाईमाणसावर विसंबलो, चूक माझीच. गिलावा फोडा. मी नगरहून गवंडी आणतो, पाया पडून आणतो." आबा पाठ फिरवून घरी निघाले. तेच जास्त लागलं. चिडले असते तर चाललं असतं.

हौदाच्या चारी बाजूंनी हात लावून फिरले. बाहेरचा दगड कोरडा ठणठणीत. कुठं ओल नाही, मुंगी नाही. गळणारं पाणी कुठंतरी दिसतंच. मग गेलं कुठं?

१८ मे

दुपारी ओलं लुगडं वाळत टाकलं. फिरून येईतो कडक! तिथंच उभी राहिले. लुगड्याचं पाणी गळून जात नाही, ऊन पितं. हौदाचं का पिणार नाही?

छबूबाई म्हणाली, शेजारी माठ भरून ठेव, त्याचं किती उतरतं बघू. माठ नको, माठ पाझरतो. बोर्डिंगातलं मोठं पितळी घंगाळ आणलं. हौदातच तळाला दगड रचून, काठ पाण्याच्या वर राहील असं ठेवलं, भरलं, आतून रेघ मारली. हौदालाही नवी रेघ. काकासाहेबांना सांगितलं, दोन दिवस द्या. पितळ गळत नाही एवढं तर मान्य आहे ना?

२० मे, शनिवार

काकासाहेब स्वतःची फूटपट्टी घेऊन आले. हौद — पाऊण इंच उतरलेला. घंगाळ — पाऊण इंच. त्यांनी पुन्हा मोजलं. पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं. पाऊण इंचच!

हौद गळत नाही. ऊन पाणी पितंय. माझा गिलावा घंगाळाइतका पक्का आहे, आणि हे मी कितीही वेळा लिहू शकते. पक्का आहे. पक्का आहे.

२१ मे, रविवार

उपासनेनंतर काकासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या पट्टीवर शांतवन मिस्त्रींचं नाव घालायचं. मोठं नाव आहे, कमिटीलाही बरं दिसेल. मला म्हणाले, रोझी, तुझी मेहनत देवाला ठाऊक आहे.

देवाला ठाऊक आहेच, त्याला पट्टी लागत नाही. लोकांना लागते! आबा खाली मान घालून उभे. मला रडू आलं ते रागानं. भाकरी आज सासऱ्यांपुढं आदळली, आयुष्यात पहिल्यांदा.

२२ मे, सोमवार

सकाळी पट्टीला ओला चुना लावला आणि खिळा आबांच्या हातात दिला. उजवी मूठ अजून वळत नाही. डाव्या हातानं, वाकडं, सावकाश कोरत होते. मी दुसरीकडं बघत होते. छबूबाईला वाचता येत नाही, तिनं मला हलवलं — "काय लिवलंय ग?"

रोझी मिस्त्री, १९४४.

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "चर्चातली भिंत तुझ्या सासूनं घोटली. मरियानं. ही थापी तिचीच. नाव म्या माझं घातलं. एकदा घातलं, आता दुसऱ्यांदा न्हाई."

मग खिळा खिशात टाकला, उरलेल्या चुन्याचं घमेलं घेऊन मागं ये म्हणाले, आणि चर्चच्या वाटेला लागले.