मात्सुएला जाणारी गाडी

कुवेत,
ता. ९ डिसेंबर १९६५

बानू,

सलाम. मी खुशाल आहे, तूही असशील. अब्बांचा खोकला आणि अम्मांचे गुडघे कसे आहेत ते त्यांच्या पत्रांतून कळतं. तुझं काही कळत नाही, कारण आपल्यात बायकोला वेगळं पत्र लिहायची रीतच नाही. नऊ वर्षं मी अब्बांच्या नावे लिहितोय आणि तुझ्या वाट्याला शेवटच्या ओळीतलं 'घरात सर्वांना सलाम' येतंय. हे पत्र मात्र एकट्या तुझं. तुझा मामेभाऊ रफीक मंगळवारच्या बोटीनं निघतोय, तो तुझ्या हातात देईल.

इथे मीना अब्दुल्ला बंदरात गार वारा सुटलाय, जेवणात वाळू येते. जपानहून आल्यापासून मी एका जागी ठरत नाही. कामावरून आलो की चप्पल न काढताच परत बाहेर. खोलीतला यूसुफ म्हणतो, अशरफभाईंच्या पायाला भिंगरी लागलीय.

जपानची हकीकत अब्बांना लिहिली ती फक्त कारखान्याची. कंपनीनं पंपांचं काम शिकायला ओसाकाला पाठवलं, शिकलो, आलो. शेवटी आठवडाभर सुट्टी मिळाली तेव्हा मी कुठे होतो ते लिहिलं नाही. मी आगगाडीत होतो, एकटाच. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. कारखान्यातल्या एकानं त्यांच्या लिपीत गावांची नावं लिहून दिली होती, तो कागद प्रत्येक स्टेशनावर पुढे करायचा.

आधी क्योटोला उतरलो. तिथे एका देवळाची बाग आहे, तिच्यात झाड म्हणून नाही. नुसती वाळू, दाताळ्यानं रेघा ओढलेली, मध्ये चार दगड, आणि लोक तिच्याकडे बघत गप्प बसलेले. म्हटलं, वाळू बघायला मी कुवेतहून इथवर आलो की काय! त्या लोकांचे चेहरे मात्र इतके निवांत होते की हेवा वाटला. मला दहा मिनिटंही बसवेना. उठलो, पुढची गाडी धरली.

ती मात्सुए नावाच्या गावाला जाणारी. बानू, ती वाट तू बघायला हवी होतीस. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, उतारावर भातखाचरं, कौलारू घरं. थेट आपलं गाव, फक्त कुणी कुणाला हाका मारत नाही. घरांच्या वळचणीला सोललेली नारिंगी फळं माळा करून वाळत टांगलेली. स्टेशनावर मातीच्या इवल्याशा किटलीत चहा मिळतो, किटलीसकट. हराम मांसाच्या भीतीनं मी भात आणि मासळीवर राहिलो.

माझ्या बाजूच्या जागेवर कोट ठेवला होता. समोरच्या म्हातारीनं खुणेनं विचारलं, कुणी येणार आहे का? मी मान हलवली, हो. का हलवली, देव जाणे. ती बिचारी प्रत्येक स्टेशनावर दाराकडे बघायची. उतरताना तिनं मला दोन संत्री दिली, एक माझ्या हातात आणि एक कोटावर ठेवलं. तेव्हा मला रडू आलं.

मात्सुएला खाडीसारखं मोठं तळं आहे. माणसं होड्यांतून तिसऱ्या शिंपल्या काढत होती. कागदावरचं ते शेवटचं गाव, पुढे जायला काही उरलं नव्हतं. तेव्हा काठावर बसलो आणि ज्यापासून पळत होतो ते समोर आलं.

मार्चात मी रजेवर येईन तेव्हा नूरीशी माझा दुसरा निकाह लावायचा, असं अम्मांनी ठरवलंय. तुला माहीत असेलच. तुझ्याच हातचा चहा पिऊन ठरवलं असेल. मूल नाही म्हणून त्यांनी तुला किती हकीम, किती दर्गे फिरवले. माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही, मीही नाही. अम्मांचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपणही बघावं. ऑगस्टात इथल्या इस्पितळात तपासून घेतलं. डॉक्टर मद्रासकडचे, हळू बोलले. "बायकोला आता कुठे नेऊ नका. मूल तुमच्यामुळे होत नाही, आणि होणारही नाही."

त्यानंतर मी चार महिने गप्प बसलो. भीती वाटत होती. लोकांची थोडी, तुझी जास्त. हे कळल्यावर तू माझ्याजवळ का राहशील?

अब्बांनाही आज हेच लिहिलंय, स्पष्ट शब्दांत. रफीक तेही पत्र नेतोय. नूरीच्या घरी नकार कळवा म्हटलंय. आता त्या घरात तुझ्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही.

तू तिशीचीही नाहीस. तुला वेगळं व्हायचं असेल तर मी अडवणार नाही, मेहेर देईन, आणि दोष माझा होता हे चारचौघांत सांगेन. राहायचं असेल तर मार्चात मुंबईहून बोट धरू, क्योटो, मात्सुए, जिथवर रूळ जातील तिथवर, दोघंच. नऊ वर्षांत आपण दोघंच कुठे गेलो नाही.

उत्तर तू स्वतः लिही, अब्बांच्या हातून नको. नाही म्हणायचं असलं तरी तुझ्या अक्षरात येऊ दे.

तू म्हणशील तोवर तुझा,
अशरफ