विचारून जायची वाट

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या निकालाविषयी आपल्या घरात कुणी बोलत नाही. म्हणून, पोचणार नाही हे माहीत असूनही, तुम्हालाच लिहिते आहे. आपल्या स्वयंपाकघराचं मागचं दार रानाकडे उघडायचं आणि दारासमोरून ती पायवाट जायची, पलीकडच्या वस्तीवरून आपल्या शेतातून थेट डांबरी सडकेला. मिरजेची एसटी तिथंच थांबायची. वस्तीवरचं कुणीही आलं की दाराशी जरा थांबायचं, "जाऊ का वं वैनी?" म्हणायचं, आणि आई भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायची, "जावा की." ती नाही म्हणेल असं विचारणाऱ्यालाही कधी वाटलं नसेल. नुसती रीत होती. आईला बरं नसलं की "जावा की" मी म्हणायची.

मग दुष्काळ सरला, नदीवरून लिफ्टचं पाणी आलं. तुम्ही पलटणीतून पेन्शनीवर आला होता. उसाच्या मधोमध वाट नको म्हणून तुम्ही ती बंद केलीत आणि वस्तीवरच्या तात्यांनी दावा लावला. तुमचे लहानपणापासूनचे सोबती. आजोबांच्या आधीपासूनची वहिवाट आहे, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्यांची साक्ष झाली त्या दिवशी तुम्ही येताना पेढे आणलेत आणि जेवताना सगळं सांगितलंत. तुमच्या वकिलानं तात्यांना विचारलं, की जाताना घरच्यांना विचारत होता का. तात्या रागावलेच. म्हणाले, "म्हंजे? दुसऱ्याच्या रानातनं न इचारता जायला आमी काय चोर हाय व्हय?" सांगताना तुम्ही हसत होता. "लय सरळ माणूस. आपल्याच तोंडानं दावा घालवला." विचारून जातात म्हणजे परवानगीनं जातात, त्याला हक्क म्हणत नाहीत, आणि दिलेली परवानगी काढून घेता येते, असं वकिलानं तुम्हाला समजावलं होतं. निकालही तसाच लागला. आईनं पेढ्याला हात लावला नव्हता.

तुम्ही बांधाच्या कडेनं चर खणलात, वर बाभळीच्या फांद्या टाकल्यात. वस्तीला सडकेवर जायला ओढ्यातून वळसा तेवढा उरला. पुढच्या पावसाळ्यात तात्यांची थोरली सून अडली. अजून दिसतं ते असं: सकाळ आहे, मी मागच्या दारात उभी आहे. चौघांनी तिला बाजेवर घेतलंय, तात्या पुढं आहेत. चराच्या अलीकडे तुम्ही खोरं टेकून उभे. तात्या थांबतात, तुमच्याकडं बघतात. फांद्या ओढून बाजूला करायला तुम्हाला फार वेळ लागला नसता. ते विचारतील म्हणून तुम्ही थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि विचारल्यामुळेच ज्यांची वाट गेली ते तात्या ओढ्याकडे वळले. ओढा भरून चालला होता. पाणी उतरायची वाट बघता बघता ती काठावरच गेली, पोटातल्या बाळासकट. बातमी आली तेव्हा आई तुम्हाला एवढंच म्हणाली, "त्यांनी न्हाई इचारलं. तुमी तरी म्हणायचं हुतं, जावा की." त्यानंतर मागचं दार ती लावूनच ठेवायची.

तुम्ही गेलात तेव्हा वस्तीवरची सगळी माणसं आली, तात्यासुद्धा. ओढ्याच्या वाटेनं वळसा घालून आली, खांदा दिला आणि तशीच परत गेली. पुढं माझ्या धाकट्या भावानं चर बुजवला, फांद्या जाळल्या, वस्तीवर जाऊन सांगूनही आला. तिकडून कुणी येत नाही. मी विश्रामबागेतल्या माझ्या घरून गावी जाते तेव्हा आपल्या रानाशी न उतरता पुढच्या थांब्यावर उतरते आणि ओढ्याकडनं चालत घरी येते. तिकडून जवळ पडतं, असं धाकट्याला सांगते. जवळ पडत नाही, आबा.