ओल्या फळ्या आणि दहा बोटं

२ मार्च
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: चपलांचं शेल्फ (भिंतीला टेकवलं की उत्तम उभं राहतं). पुस्तकांची मांडणी (पुस्तकं आडवी ठेवावीत). स्टूल, एक. गुरू कोणी नाही.
आता पाळणा. लेकीला नववा लागलाय. वखारीतून फळ्या आणल्या. वखारवाला म्हणाला, साहेब, माल ओला आहे, वाळू द्या. म्हटलं, लाकूड मला नका शिकवू. त्याने आणखीही काही सुचवलं. मी नुसता हसलो.

४ मार्च, सकाळ
टेबल सॉचं, म्हणजे फळ्या कापायच्या विजेच्या करवतीचं, माहितीपुस्तक वाचलं. फिरत्या पात्याला बोट लागलं तर सेफ्टी ब्रेक क्षणात पातं अडवतो. बोटावर ओरखडा, ब्रेक आणि पातं मात्र दोन्ही बाद. पुढे लिहिलंय, ओलं लाकूडही ब्रेकला बोटासारखंच वाटतं, कापू नये. हे नवशिक्यांसाठी.
भीती अजिबात नाही. आज सुरुवात केली नाही, कारण उजेड बरोबर नव्हता.

५ मार्च
उजेड बरोबर होता.
फळी पात्याला टेकली आणि बंदुकीसारखा आवाज. पातं टेबलाखाली गायब. मी कोपऱ्यात कसा पोचलो, आठवत नाही. बोटं मोजली. नऊ. खाली बसलोच. ही धावत आली, तिने मोजली. दहा. ज्या बोटाने मोजत होतो ते धरायचं राहिलं होतं. ही म्हणाली, अहो, फळी ओली, घामाने तुम्ही ओले, मशीनने ओळखायचं तरी कुणाला?
नवा ब्रेक, नवं पातं मागवलं. किंमत हिला सांगितली नाही. इथेही लिहीत नाही.

९ मार्च
नवा ब्रेक, नवं पातं आलं, बसवलं. फळ्यांना टेबल फॅन. शिवाय हिचा हेअर ड्रायर. हात लावून पाहिला: खडखडीत कोरड्या. ओलावा मोजायचं मीटर मिळतं म्हणे. ज्याला हात नाहीत त्याने घ्यावं.

१० मार्च
तो आवाज पुन्हा ऐकणं शक्य नाही. दार आपटलं तरी बोटं मोजतो. तोडगा सापडला! मशीनला किल्ली आहे. फिरवली की ब्रेक बंद. मग धडाका नाही. फिरवली. पातं सुरू केलं. आणि लक्षात आलं, आता माझ्या बोटालाही ते लाकूडच समजणार.
बंद करायचा खटका समोरच होता. हात पुढे जाईना. हिने येऊन दाबला. किल्ली काढून घेतली. म्हटलं, मी दाबणारच होतो. हिने किल्ली पदराला बांधली.

११ मार्च
लेकीचा फोन. हिनेच सांगितलं असणार. म्हणाली, बाबा, पाळणा राहू दे, बाळाच्या मुठीत द्यायला एखादं बोट शिल्लक ठेवा. फोन हिच्या हातात दिला, डोळे पुसले. भुसा फार उडतो.
संकल्प: मीटर घेणे. किल्ली परत न मागणे.

१८ मार्च
मीटर फळीला लावलं. मग तळहाताला. फार फरक नाही. पूर्ण वाळेपर्यंत बाळ शाळेत जायला लागेल.

२६ मार्च
नात झाली. कपड्यांच्या टोपलीत झोपली आहे. माझ्या उजव्या हाताचं बोट घट्ट धरलं, सोडेना. मीही ओढलं नाही.
फळ्या फॅनखाली.
नोंद पुरी असावी म्हणून: वखारवाल्याने त्या दिवशी सुचवलं होतं ते म्हणजे वाळलेल्या फळ्या, माझ्याच मापात कापून, घरपोच. मी नाकारलं. जादा फक्त चारशे.