नायिका सरळ विचारत का नाही?

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस की नुसती बाटली हलवून ठेवतेस?

माळा आवरताना तू माझ्या गळ्यात मारलेल्या प्रेमकादंबऱ्या वाचल्या. आत्या, असलं वाचून तू संसार कसा केलास? नायिका म्हणजे अश्रूंचा गळका नळ. आधी पदर भिजवते, मग उशी. (असल्या उशा आमच्या लाँड्रीत आल्या, तर मी दारातूनच परत पाठवीन.) नायकाला कामधंदा नाही, खिडकीत उभा राहून सुस्कारे सोडतो. तो कुणा बाईशी बोलताना दिसला, की ही बया तडक गाव सोडते. शेवटी कळतं, ती त्याची बहीण! अगं, 'ही कोण?' एवढं विचारायला काय जिभेला फोड आला होता?

याच संतापात माझी इस्त्री समोरच्या घड्याळवाल्यांच्या कोटावर तशीच राहिली आणि पाठीवर हा एवढा तपकिरी त्रिकोण उमटला. ते भांडायला आले, उघडं पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "कोट मरू दे हो. ही बाई इतकी मठ्ठ कशी?" पुस्तक घेऊनच गेले. तेव्हापासून रोज दुपारी येऊन ते नायिकेला शिव्या घालू लागले आणि मी नायकाला. इतकं मन लावून माझ्याशी आजवर कुणी भांडलं नव्हतं. (केसांना कलप लावला, तो पांढरे फार दिसायला लागले म्हणून. उगाच अर्थ काढू नकोस.)

परवा ते एका बाईंबरोबर बसची वाट पाहत उभे होते. बाईंची पिशवी यांच्या हातात. मी काही कादंबरीतली नाही. सरळ रस्ता ओलांडला आणि विचारलं, "या कोण?"

"माझी बायको," ते म्हणाले. "माहेरी होती, आईच्या आजारपणात. अगं, याच त्या लाँड्रीवाल्या बाई. फार हुशार आहेत."

बाई छान हसल्या. मीही हसले. दुकानात येऊन चादरींचा अख्खा ढीग इस्त्री केला. एकही जळली नाही.

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. : आठ दिवस तुझ्याकडे राहायला येते. हवापालट. का, ते विचारू नकोस.

आणखी एक : गोड शेवटाची एखादी कादंबरी उरली असेल, तर माझ्या उशाशी काढून ठेव. वाचणार नाहीच. नुसती असू दे.