लॉक कोणी धरलंय?

५ जानेवारी, सोमवार
नवीन वर्षाचा संकल्प: यंदा कोणावरही संशय घ्यायचा नाही. एक तारखेलाच करणार होतो. पण सगळेच एक तारखेला संकल्प करा म्हणून मागे का लागतात ते कळेना, म्हणून आजपर्यंत थांबलो.

आज साहेबांनी, म्हणजे केयूरभाईंनी, ऑफिसात जाहीर केलं. पलसाण्याच्या डाईंग मिलचं सॉफ्टवेअर सत्तावीसला चालू करायचं. नीट चाललं की त्या कामाला टीम लीड नेमणार. बोलताना माझ्याकडे बघत होते, म्हणजे ठरलंच. फक्त शेवटी म्हणाले, "धनश्री पण साथे जोशे." साथे? सोबत तिने कशाला बघायचं? धनश्री गेल्या वर्षी लागली. मूळची अकोल्याकडची. हुशार आहे, नम्र आहे. नम्र माणसांपासून मी जपून असतो.

बाबांना शहाद्याला फोन करून लीड झालो म्हणून सांगितलं. सत्तावीसला होणारच आहे, मग आज सांगायला काय हरकत. इथे सुरतेत, उधन्याला लूमवर जन्म काढला त्यांनी. फार खूश झाले. फोन ठेवता ठेवताच शेजारच्यांना हाक मारलेली ऐकू आली.

६ जानेवारी
मुद्दा लिहून ठेवतो. उद्या कोणी फिरवला तर जवळ असलेला बरा.

मिलमध्ये कपड्याचे लॉट येतात, ते रंगवायच्या मशीनवर चढवायचे. ऑफिस, गोडाऊन, डाईंग मास्टर, सगळे एकाच वेळी एकाच सिस्टिमवर काम करणार. दोघांनी एकाच क्षणी एकच मशीन दिलं तर? एकाच्या गुलाबी साड्यांत दुसऱ्याचं हिरवं कापड! म्हणून जो मशीनच्या नोंदीला हात लावेल त्याने आधी ती लॉक करायची, काम झालं की सोडायची. तोवर बाकीच्यांनी थांबायचं.

घरी बायकोला, रंजनाला, बाथरूमचं उदाहरण देऊन समजावलं. आत जाणारा कडी लावतो, बाकीचे बाहेर थांबतात. तर म्हणे, "आनि कडी लाईसन मझारच जपी ग्यात तं?" आतच झोपलात तर! टेक्निकल शिक्षण नसलं की असे प्रश्न पडतात.

७ जानेवारी
धनश्री म्हणाली, सर, लॉकची कामं आपण हाताने कशाला करायची? रनटाइममध्येच सोय आहे. रनटाइम म्हणजे आपला प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतो ती खालची यंत्रणा. ती लॉक लावते, काम संपलं की आठवणीने सोडते, मध्येच काही बिघडलं तरी सोडते. आणि कोणी लॉक धरलंय, कोण थांबलंय, हेही सांगते.

हे सगळं फुकट. इतकी सेवा फुकटात करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शिवाय लॉक रनटाइम लावणार, तर लीड काय करणार? तिचा डाव लक्षात आला. संकल्प अजून मोडलेला नाही, कारण हा संशय नाही, निरीक्षण आहे.

९ जानेवारी
सगळी लॉक हाताने लिहिली. मशीनला लॉक, लॉटला लॉक, रंगाच्या डब्यांना लॉक, पार्टीच्या नावाला लॉक. रिपोर्ट छापायलाही लॉक. प्रोग्राम जरा हळू झाला. मी त्याला सावध म्हणेन.

दुपारी ऑफिसात ट्रायल घेतली. सगळे स्क्रीन एकदम थिजले. कोणाचंच काही हलेना. त्या वेळी धनश्री पोंक, म्हणजे इकडचा हुरडा, खात होती. शांतपणे, शेव घालून. माझं सगळं बंद पडलेलं असताना ज्याला पोंक गोड लागतो, त्याच्याबद्दल काय समजायचं?

१२ जानेवारी
उपाय सापडला. लॉकवर कोण बसून राहतंय ते पकडायचं. त्यासाठी प्रोग्रामच्या आत एक पहारेकरी लिहिला. तो सतत फेरी मारणार, एकेका नोंदीपाशी जाऊन बघणार, इथे कोण आहे, काय करतोय.

आता बघत असताना मागून कोणी काही बदललं तर? म्हणून पहारेकरी आधी ती नोंद स्वतः लॉक करतो, मग बघतो. आणि पुढच्या नोंदीकडे जाताना मागची सोडत नाही. सोडली की लगेच कोणीतरी हात मारणार, माणसं मला ठाऊक आहेत. पूर्ण फेरी झाल्यावरच सगळी एकदम सोडायची. पुढे एखादी नोंद दुसऱ्या कोणी धरली असेल तर ती सुटेपर्यंत त्याने तिथेच उभं राहायचं. चुकवून जायचं नाही.

कोणाला सांगितलं नाही. पहारा सांगून ठेवत नसतात.

१३ जानेवारी
आज सकाळपासून जास्तच अडकतंय. याचा अर्थ उघड आहे. पहारेकऱ्याचा सुगावा कोणाला तरी लागला आणि त्याने जोर वाढवला.

धनश्रीचा मेसेज: सर, पाच मिनिटं बसू या का, एक गोष्ट दाखवायची आहे. मी म्हटलं, काय ते कोडच्या रिव्ह्यूमध्ये लिही. ती म्हणाली, लिहिण्यापेक्षा दाखवते ना. मी म्हटलं, आधी लिही, मग बसतो. ती म्हणाली, आधी बसू या सर, मग हवं तर लिहिते. लिहायचं का टाळतेय? लिहिलं की पुरावा होतो, म्हणून! मी हलणार नाही. संध्याकाळपर्यंत तीही हलली नाही.

१४ जानेवारी, उत्तराण
केयूरभाईंच्या गच्चीवर सगळ्यांना बोलावलं होतं. पतंग उडवायला मी गेलो नाही, लक्ष ठेवायला गेलो. धनश्री केयूरभाईंशी बराच वेळ बोलत होती. जवळ जाऊन ऐकलं तर विषय उंधियूचा. मी जवळ आल्यावर बदलला असणार.

तिने मला तिळगूळ दिला आणि म्हणाली, "गोड बोला सर." म्हणजे मी कडू बोलतो असं कोणीतरी हिला सांगितलंय. घरी येऊन रंजनाला विचारलं, मी कडू बोलतो का? ती म्हणाली, "तुम्ही बोलतसच कोठे? इचारतस नुसतं." यावर नंतर विचार करेन.

१९ जानेवारी, पलसाणा
मिलवर ट्रायल. तिथले मॅनेजर धनसुखभाई, सगळं त्यांच्या हातात. भिजवलेला कपडा ट्रॉलीत तयार, मशीन रिकामं, मास्टर कमरेवर हात ठेवून उभा, आणि स्क्रीनवर गोल फिरतोय. चहा आला, चहा झाला, गोल फिरतोय. धनसुखभाई म्हणाले, "अरे वाल्मिकभाई, आ केम चालतुं नथी?"

मी म्हणालो, नेटवर्क. हायवेला ट्रक फार आहेत. दोन्हींचा संबंध काय असं त्यांनी विचारलं नाही. चांगला माणूस. मास्टरने खडू घेतला, फळ्यावर लॉटचे नंबर लिहिले आणि काम सुरू केलं.

परतताना गाडीत धनश्री पुन्हा म्हणाली, सर, खरंच पाच मिनिटं. मी झोपेचं सोंग घेतलं. उधना येईपर्यंत डोळे उघडता येईनात, मान फार आखडली.

२२ जानेवारी
आता सापळा.

रनटाइमचा तो लॉक-रिपोर्ट चालू करतो. होय, त्याला मी नाही म्हणालो होतो. पण शत्रूचं हत्यार शत्रूवर चालवणं वेगळं. सगळं थिजलं की तो छापतो, कोणत्या नोंदीचं लॉक कोणी धरलंय. आत्ता गुपचूप बघितला असता, पण मग धनश्री म्हणेल, सरांनीच बनवून आणला. त्यापेक्षा सत्तावीसला, मिलवर, प्रोजेक्टर लावून, सगळ्यांसमोर. मीसुद्धा तिथेच पहिल्यांदा बघणार. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.

२६ जानेवारी
सुट्टी. भाषणाची तयारी केली. धनश्रीला उदार मनाने माफ करायचं. "तरुण आहे, चुकते, आपण सांभाळून घेऊ." आरशासमोर म्हणून बघितलं, चेहरा फार छान होतो.

बाबांचा फोन. उद्या गल्लीत पेढे वाटणार आहेत. मी म्हटलं, वाटा.

२७ जानेवारी, पलसाणा, दुपार
लिहितो. लिहायला हवं.

प्रोजेक्टर लावला. केयूरभाई, धनसुखभाई, मास्टर, ऑफिसची सगळी मंडळी. काम सुरू केलं. थोड्याच वेळात सगळं थिजलं. मला तर बरंच वाटलं. उभा राहिलो, म्हणालो, हे का अडकतं आणि कोणामुळे अडकतं, ते आज सगळ्यांना कळेल. रिपोर्ट उघडला आणि धनश्रीला म्हणालो, तू वाच. मोठ्याने वाच.

ती वाचायला लागली. मशीन एक, लॉक धरणारा... आणि थांबली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, प्रोजेक्टर बंद करू का?"

मला वाटलं, पकडली! म्हणालो, नाही, पूर्ण वाच.

तिने वाचलं. मशीन एक, लॉक धरणारा: पहारेकरी, वाल्मिक. मशीन दोन, लॉक धरणारा: पहारेकरी, वाल्मिक. मशीन तीन, तोच. बाकी सगळे थांबलेले. पहारेकरी स्वतःही थांबलेला, एका लॉटच्या नोंदीपाशी, तिथे कोण आहे ते बघायला. आणि तो लॉट ज्याच्या हातात, तो मशीन एकसाठी थांबलेला. नाव मीच घातलं होतं. श्रेय कोणी लाटू नये म्हणून.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्टरने खडू उचलला.

२७ जानेवारी, संध्याकाळ
रिपोर्ट चुकीचा असू शकतो. वाल्मिक नावाचा मी एकटाच आहे का?

ऑफिसात मी एकटाच आहे.

२८ जानेवारी
केयूरभाई रागावले नाहीत. म्हणाले, दोन-चार दिवस आराम करो, सोमवारी या. धनश्रीला टीम लीड केलं. तिने माझी सगळी लॉक काढली, पहारेकरी काढला, रनटाइमची सोय वापरली.

तिला मेसेज केला, त्या दिवशी काय दाखवायचं होतं? तिचं उत्तर: हेच सर. रिव्ह्यू केयूरभाईही वाचतात ना, म्हणून लिहिलं नाही.

चार वेळा वाचलं. मला लाज वाटली. खूप लाज वाटली.

२९ जानेवारी
बाबांचा फोन. पेढे सगळ्यांना पुरले म्हणाले. मग विचारलं, "काम कसं चालनं?" सांगितलं, बाबा, लीड मी नाही झालो, दुसरी कोणी झाली. ते म्हणाले, "बरं. जेवण व्हयनं का तुन्हं?"

झालं म्हणालो. झालं नव्हतं.

३० जानेवारी
सकाळी धनसुखभाईंचा फोन. दोनदा वाजू दिला, मग उचलला. पण म्हणाले, सगळं मस्त चाललंय, कुठेही अडकत नाही, मास्टरही खूश आहे. मी म्हणालो, मग मी सोमवारी मिलवर येतोच. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "तमे नहि आवो तो पण चालशे."

यामागे काय डाव असेल याचा दुपारभर विचार केला. डाव काही नाही. मी नाही आलो तरी चालेल, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.